किती घातलं, किती निघालं

प्रोटॉनचं वस्तुमान ९३८.२७ एमईव्ही; एमईव्ही हे कणांच्या वस्तुमानाचं एकक. त्याच्या आत दोन अप क्वार्क आणि एक डाउन क्वार्क. अप क्वार्कचं वस्तुमान सुमारे २.२ एमईव्ही, डाउनचं सुमारे ४.७. तिन्ही मिळून जेमतेम ९ होतात. शंभरातला एक भाग हाती लागला, उरलेल्या नव्व्याण्णवांचा पत्ता नाही. पांढुर्ण्याच्या बाजारात संत्र्यांचा ढीग काट्यावर चढवला की ढिगाचं वजन आतल्या फळांच्या वजनांइतकंच भरतं, आणि यात सिद्ध करण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही. प्रोटॉनच्या पातळीवर नेमका हाच नियम मोडतो. आपल्या हाडामांसाचं, मातीचं, दगडाचं जवळजवळ सगळं वस्तुमान प्रोटॉन आणि न्यूट्रॉनमध्ये आहे, म्हणून हा नियम कुठे आणि कसा मोडतो हा प्रश्न आडबाजूचा नाही.

उरलेलं वस्तुमान ऊर्जेतून येतं. प्रोटॉनच्या आत क्वार्क प्रकाशवेगाच्या जवळपास धावत असतात आणि त्यांना बांधून ठेवणारं ग्लुऑनांचं क्षेत्र स्वतःच ऊर्जेने भरलेलं असतं. ही ऊर्जा बाहेरून तोलली की वस्तुमान म्हणून दिसते. २०१२ साली हिग्ज बोसॉन सापडला तेव्हा वर्तमानपत्रांनी लिहिलं की सगळ्या वस्तुमानाचं मूळ सापडलं. ते खरं नव्हतं. हिग्ज क्षेत्र क्वार्कांना जे वस्तुमान देतं त्याचा प्रोटॉनच्या वजनातला वाटा तेवढा एक टक्क्याच्या आसपासचा. बाकीचं काम क्वार्कांना बांधणाऱ्या प्रबल बलाचं आहे, आणि त्या बलाचा सिद्धांत, क्वांटम क्रोमोडायनॅमिक्स म्हणजे क्यूसीडी, १९७३ पासून आपल्या हाती आहे. समीकरण कागदावर एका ओळीत मावतं. पण त्या ओळीतून ९३८ हा आकडा भरवशाने काढून दाखवायला पस्तीस वर्षं लागली.

त्या पस्तीस वर्षांत, आणि त्याआधीच्या दहा-बारा वर्षांत, बेरिऑनांची वस्तुमानं काढण्याच्या अनेक रीती निघाल्या. बेरिऑन म्हणजे तीन क्वार्कांचे कण: प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि त्यांचे जड, अल्पायुषी भाऊबंद. या रीतींकडे पाहण्याची आपल्याकडची नजर मला चुकीची वाटते. पांढुर्णा-सौंसरसारख्या भागातला विज्ञानाचा विद्यार्थी असं काही ऐकतो तेव्हा पहिला प्रश्न विचारतो, यासाठी कॉम्प्युटर केवढा लागतो? या प्रश्नामागे जुनं अंतर आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला, २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. घरी मराठी किंवा पवारी, शाळेत हिंदी आणि पुढे पुस्तकं इंग्रजी अशा तीन पायऱ्या चढून आलेल्या मुलामुलींना मूलभूत भौतिकी ही जिनिव्हाची किंवा फार तर कुलाब्याची गोष्ट वाटते. यंत्राचा आकार विचारणं हे त्याच अंतराचं लक्षण आहे. वस्तुमानाच्या कुठल्याही हिशेबाला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: यात हाताने किती आकडे घातले, आणि न घातलेले किती बाहेर निघाले? ही पारख महासंगणकालाही लागू आहे आणि वहीतल्या पानालाही. ती लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

वहीतल्या पानापासूनच पाहू. १९५० नंतरच्या दशकात नवे कण भराभर सापडत होते. लॅम्डा या कणाचा पुरावा देणारा एक सुरुवातीचा शोधनिबंध १९५० सालचा, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या हॉपर आणि सुकुमार बिस्वास यांचा. हे बिस्वास पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टीआयएफआरमध्ये, काम करत. १९६१ पर्यंत अर्ध्या स्पिनचे, म्हणजे अर्ध्या अंगभूत कोनीय संवेगाचे, आठ बेरिऑन ओळखीचे झाले होते: प्रोटॉन, न्यूट्रॉन, लॅम्डा, तीन सिग्मा, दोन क्साय. मरी गेल-मान आणि युवाल नेमान यांनी स्वतंत्रपणे ओळखलं की हे आठ जण एकाच सममितीचे घटक आहेत. सममिती काटेकोर असती तर आठांची वस्तुमानं सारखी असती. ती तशी नाहीत. ९३९ पासून १३१८ पर्यंत पसरलेली आहेत. गेल-मान आणि त्यांच्या मागोमाग १९६२ साली सुसुमु ओकुबो यांनी गृहीत धरलं की सममिती मोडते ती शक्य तितक्या साध्या रीतीने, एकाच दिशेला. तेवढ्या एका गृहीतातून चार वस्तुमानांना बांधणारं एक सूत्र निघतं: न्यूक्लिऑन (म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) आणि क्साय यांची सरासरी ही तीन लॅम्डा आणि एक सिग्मा यांच्या सरासरीइतकी असली पाहिजे.

पडताळून पाहायला पेन्सिल पुरते. न्यूक्लिऑन ९३९, क्साय १३१८, सरासरी ११२८.५. लॅम्डा १११५.७ तीनदा, सिग्मा ११९३ एकदा. बेरीज ४५४०, चौथा भाग ११३५. फरक साडेसहा एमईव्हीचा, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून किंचित जास्त. लक्षात घ्या, तेव्हा क्वार्क ही कल्पनाही मांडली गेली नव्हती. आत काय आहे हे ठाऊक नसताना नुसत्या आकृतीवरून वस्तुमानांचं नातं सापडलं. तीन आकडे घाला, चौथा मिळतो.

दहा जणांच्या दुसऱ्या गटात नातं आणखी सोपं होतं. डेल्टा १२३२, उत्तेजित सिग्मा १३८५, उत्तेजित क्साय १५३३; पायऱ्या जवळजवळ सारख्या, दीडशेच्या आसपास. या दहांची आकृती त्रिकोणाची, आणि तिच्या टोकाची जागा रिकामी होती. १९६२ च्या जिनिव्हा परिषदेत गेल-माननी सांगितलं, तिथे ऋणभाराचा ओमेगा असणार, वस्तुमान १६८५ च्या आसपास. १९६४ च्या फेब्रुवारीत ब्रुकहेवनच्या बुडबुड्यांच्या कक्षात तो सापडला. पहिलं मोजमाप १६८६, आजचं १६७२.४५. मला या घटनेत सर्वांत मोलाची वाटते ती तारीख. आकडा आधी छापला गेला, कण नंतर आला. गेल-मानना मागे हटायला वाव नव्हता.

भारतात हे वारं उशिरा पोचलं असं समजण्याचं कारण नाही. १९६१ साली बंगळूरला टीआयएफआरच्या उन्हाळी वर्गात गेल-मान आणि रिचर्ड डॅलिट्झ दोघेही शिकवायला आले होते. टीआयएफआरचे भालचंद्र उदगावकर यांनी गेल-मानसोबत १९६२ साली शोधनिबंध लिहिला. तो वस्तुमानांवर नव्हता, उच्च ऊर्जेच्या प्रकीर्णनावर होता, पण हीच ती माणसं आणि हाच तो काळ. १९६४ साली मिर्झा अब्दुल बाकी बेग आणि टीआयएफआरचे वीरेंद्र सिंह यांनी पुढचं पाऊल टाकलं. आठ जणांचा गट आणि दहा जणांचा गट हे स्पिन जमेस धरून एकाच मोठ्या सममितीत बसतात, हे त्या वर्षी पुढे आलं होतं; बेग आणि सिंह यांनी ती मोठी सममिती मोडल्यावर वस्तुमानं कशी विलग होतात याची सूत्रं काढली. दिल्ली विद्यापीठात अशोक नाथ मित्र तीन क्वार्कांच्या गतीचा प्रश्न थेट तीन वस्तूंचा प्रश्न म्हणून सोडवायला बसले होते.

तरी एक उणीव होती, आणि ती मोठी होती. सूत्र नातं सांगत होतं, कारण सांगत नव्हतं. लॅम्डा आणि मधला, भाररहित सिग्मा यांच्याकडे पाहा. दोघांच्या आत तेच तीन क्वार्क आहेत: एक अप, एक डाउन, एक स्ट्रेंज. माल एकच, तरी लॅम्डा १११६ आणि सिग्मा ११९३. हे ७७ एमईव्ही कुठून आले?

उत्तर १९७५ साली हार्वर्डच्या आल्वारो द रुहुला, हॉवर्ड जॉर्जाय आणि शेल्डन ग्लाशो यांनी दिलं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयात यापेक्षा देखणा हिशेब नाही. पुण्याजवळ खोडदची जीएमआरटी दुर्बीण हायड्रोजनच्या ज्या २१ सेंटिमीटर लहरींचा माग काढते, त्या लहरी निघतात इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन यांच्या स्पिनच्या परस्परक्रियेतून. दोन्ही स्पिन एकाच दिशेला असले की ऊर्जा किंचित जास्त, उलट दिशांना असले की किंचित कमी. क्वार्कांमध्येही असाच चुंबकी परिणाम आहे, फक्त तो विजेचा नसून ग्लुऑनांचा, आणि म्हणून कितीतरी पट जोरदार. डेल्टा आणि प्रोटॉन यांच्यातला २९३ एमईव्हीचा फरक याच परिणामाचा: डेल्टात तिन्ही स्पिन एका दिशेला, प्रोटॉनमध्ये नाहीत. लॅम्डात अप आणि डाउन यांचे स्पिन एकमेकांना रद्द करतात, सिग्मात ते मिळून येतात. आणि हा परिणाम क्वार्कांच्या वस्तुमानांच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे जड स्ट्रेंज क्वार्कशी होणारी क्रिया हलक्या जोडीतल्या क्रियेपेक्षा दुबळी पडते. लॅम्डात हलक्या जोडीला पूर्ण लाभ मिळतो. सिग्मात ती जोडी तोट्यात जाते आणि स्ट्रेंजशी होणारी क्रिया त्याची अर्धवटच भरपाई करते.

हे सगळं एका सूत्रात येतं. सिग्मा आणि लॅम्डा यांतला फरक म्हणजे डेल्टा-प्रोटॉन फरकाचे दोन तृतीयांश, गुणिले एक उणे हलक्या आणि जड क्वार्कांच्या वस्तुमानांचं गुणोत्तर. २९३ चे दोन तृतीयांश १९५. गुणोत्तर ०.६ घेतलं तर फरक येतो ७८. मोजलेला ७७.

इथे कुणी म्हणेल, ०.६ हे तुम्ही हाताने घातलं. बरोबर आहे. म्हणूनच खरी परीक्षा पुढे आहे. स्ट्रेंजच्या जागी चार्म क्वार्क ठेवा. तो बराच जड, गुणोत्तर ०.२ च्या आसपास. फरक वाढून दीडशेच्या वर जायला हवा. चार्मवाला लॅम्डा २२८६.५ आणि सिग्मा २४५३.५, फरक १६७. आता बॉटम ठेवा. तो इतका जड की गुणोत्तर शून्याकडे झुकतं आणि फरक १९५ च्या जवळ थांबायला हवा. बॉटमवाले सिग्मा २००६ साली फर्मिलॅबच्या सीडीएफ प्रयोगात सापडले, म्हणजे सूत्रानंतर तीस वर्षांनी. फरक १९४. ७७, १६७, १९४: हलक्याकडून जडाकडे जाताना फरक वाढतो आणि ठरल्या मर्यादेशी येऊन टेकतो. हे पाहताना मला दरवेळी आनंद होतो, आणि तो आनंद अकरावीतल्या, भागाकार येणाऱ्या कुणाही मुलीला मिळू शकतो.

या रीतीतलं कोडंही लपवू नये. इथे हलक्या क्वार्कचं वस्तुमान ३६० च्या घरात धरावं लागतं, २ किंवा ५ नाही. हे ३६० म्हणजे क्वार्क आणि त्याच्याभोवतीची ऊर्जा मिळून झालेला हिशेबी आकडा. निर्वातातली सममिती आपोआप मोडल्यामुळे क्वार्क असे जड वागू लागतात, ही कल्पना योइचिरो नाम्बू यांनी १९६१ पासून मांडलेल्या विचारातून येते. तिघा हार्वर्डकरांनी हे जडपण समजावून सांगितलं नाही, गृहीत धरलं. ते त्यांनी उघडपणे धरलं, हे महत्त्वाचं.

आपल्या जवळच्या एका परंपरेचा इथे उल्लेख व्हायला हवा, कारण मराठी वाचकांना ती जवळजवळ अपरिचित आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत, पीआरएलमध्ये, एस. बी. खडकीकर यांनी १९८० नंतरच्या दशकात क्वार्कांसाठी एक सापेक्षतावादी दोलक प्रतिकृती उभी केली. क्वार्क इतके वेगाने धावतात की श्रोडिंगरचं समीकरण पुरत नाही. म्हणून त्यांनी डिरॅकचं समीकरण घेतलं आणि त्यात अंतराच्या वर्गाने वाढणारं बंधन अशा खुबीने घातलं की उत्तर कागदावर काढता यावं. १९८३ साली एस. के. गुप्ता यांच्यासोबत त्यांनी याच प्रतिकृतीने हलक्या बेरिऑनांचे चुंबकी आघूर्ण काढले. मग प्रश्न आला: क्वार्क कोंडलेले असतील तर त्यांच्यात देवाणघेवाण होणारे ग्लुऑन मोकळे कसे? पी. सी. विनोदकुमार आणि के. बी. विजयकुमार यांच्यासोबत त्यांनी कोंडलेल्या ग्लुऑनांची क्रिया हिशेबात घेतली. बहुतेक प्रतिकृती जिथे डोळेझाक करतात तिथे त्यांनी बोट ठेवलं. पुढे वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठात विनोदकुमार आणि नंतर सुरतच्या एसव्हीएनआयटीत अजयकुमार राय यांनी ही धारा चालू ठेवली. २००८ साली भाविन पटेल, राय आणि विनोदकुमार यांनी जड क्वार्क असलेल्या बेरिऑनांची वस्तुमानं अतिगोलीय रीतीने काढली: तीन क्वार्कांची मांडणी एकाच अंतरात गुंफायची, म्हणजे तीन वस्तूंचा प्रश्न एका चलाच्या समीकरणावर येतो. ते समीकरण आज साध्या लॅपटॉपवर सुटतं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी जी पुंजयामिकी शिकवतात तिच्यापासून हे फार लांब नाही.

पण याच ठिकाणी माझी पारख कडक होते. अशा प्रतिकृतींत क्वार्कांची वस्तुमानं, बलाची तीव्रता, विभवाचा घातांक असे पाच-सहा आकडे हाताने बसवावे लागतात. २००८ च्या त्या निबंधात घातांकाला अनेक किमती देऊन प्रत्येकीचं उत्तर तक्त्यात दिलं आहे. वाचकाला दिसतं की निष्कर्ष कशावर किती अवलंबून आहे. ही प्रामाणिक रीत. दुसरी रीत आपल्याकडे, आणि बाहेरही, फार बोकाळली आहे: प्रयोगातून कळलेली पायाभूत वस्तुमानं घेऊन सगळे आकडे जुळवून घ्यायचे, उत्तेजित अवस्थांचा शे-दोनशे ओळींचा तक्ता छापायचा, आणि प्रयोगाशी सुसंगत असा शेरा मारायचा. सहा आकडे घालून सहा ओळखीची वस्तुमानं काढली तर निघालं काय? अशा निबंधांनी पदव्या मिळतात, ज्ञान वाढत नाही. छोट्या विद्यापीठांतल्या कामाला मान मिळावा असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनीच हे आधी म्हटलं पाहिजे.

प्रतिकृतीची खरी कसोटी ती चुकते तिथे लागते. प्रोटॉनची १४४० एमईव्हीची उत्तेजित अवस्था, डेव्हिड रोपर यांनी १९६४ साली ओळखलेली, दोलकाच्या हिशेबात १५३५ च्या अवस्थेच्या वर बसायला हवी होती. ती खाली आहे. नाथन इसगर आणि गॅब्रिएल कार्ल यांची १९७० नंतरची सुप्रसिद्ध प्रतिकृती बाकी वर्णपटाचं उत्तम चित्र देते, पण इथे अडखळते. लॅम्डाची १४०५ ची अवस्था तर त्याहून अवघड. डॅलिट्झ आणि तुआन यांनी ती सापडण्याआधीच, १९५९-६० मध्ये, सुचवली होती, आणि तीन क्वार्कांचा कण म्हणून नाही. न्यूक्लिऑन आणि प्रति-केऑन (क्वार्क-प्रतिक्वार्क जोडीचा कण) यांच्या बांधणीतून. साठ वर्षांनंतर आजचं मत त्यांच्याकडेच झुकतं. सगळे बेरिऑन निव्वळ तीन क्वार्कांचे, हे चित्रच अपुरं आहे, ही बातमी आपल्याला चुकलेल्या आकड्यांनी दिली.

मधल्या दोन रीती थोडक्यात. टोनी स्कर्म यांनी १९६१ साली बेरिऑन म्हणजे पायॉनांच्या, म्हणजे तशाच जोडीच्या कणांच्या, क्षेत्रातली गाठ असं मांडलं, सिरॅक्यूजच्या ए. पी. बालचंद्रन यांच्या गटाने १९८२ साली ही कल्पना पुन्हा वर काढली आणि लगेच ॲडकिन्स, नॅपी आणि विटेन यांनी तिच्यातून न्यूक्लिऑनचे गुणधर्म काढले, साधारण तीस टक्क्यांच्या चुकीने. दोनच वस्तुमानं घालून इतकं निघणं कमी नाही. बोरिस इओफे यांनी १९८१ साली निर्वातातल्या क्वार्कांच्या घनतेवरून प्रोटॉनचं वस्तुमान एका ओळीत अंदाजलं: सुमारे १००० एमईव्ही. वस्तुमान आणि निर्वात यांचं नातं त्या ओळीइतक्या उघडपणे दुसरीकडे दिसत नाही.

आणि मग यंत्र. केनेथ विल्सन यांनी १९७४ साली क्यूसीडीला अवकाश-काळाच्या चौकोनी जाळीवर बसवलं. जाळीच्या प्रत्येक दुव्यावर ग्लुऑनांचं क्षेत्र, प्रत्येक गाठीवर क्वार्क. क्षेत्राच्या असंख्य शक्य मांडण्यांतून यादृच्छिक नमुने घ्यायचे, त्यांवर सरासरी काढायची, आणि एका ठिकाणी निर्माण केलेल्या तीन क्वार्कांची खूण काळाच्या दिशेने किती झपाट्याने विरते ते पाहायचं. जितकी झपाट्याने विरते तितकं वस्तुमान जास्त. १९८१ साली हॅम्बर-पारिसी आणि वाइनगार्टन यांनी पहिले हिशेब केले. त्या काळी निर्वातात क्षणभर उमटणाऱ्या क्वार्क-प्रतिक्वार्क जोड्या गाळाव्या लागत, कारण तेवढी ताकद कुठल्याच यंत्रात नव्हती. २००० च्या सुमाराला जपानमधल्या त्सुकुबाच्या गटाने दाखवून दिलं की त्या गाळल्यामुळे दहा टक्क्यांपर्यंत चूक होते. २००८ साली बुडापेस्ट, मार्से आणि वुपर्टाल इथल्या गटाने त्या जोड्या न गाळता, तीन वेगवेगळ्या आकारांच्या जाळ्यांवर, हलक्या बेरिऑनांची वस्तुमानं काढली. न्यूक्लिऑनसाठी उत्तर आलं ९३६, दोन्ही प्रकारच्या अनिश्चितता पंचवीसच्या घरात.

आता पारख लावा. किती घातलं? पायॉन, केऑन आणि क्साय, फक्त तीन वस्तुमानं. सिद्धांतातच तेवढ्या किमती मोकळ्या आहेत. किती निघालं? प्रोटॉनसकट बाकी सगळी. या हिशेबाचा मान त्यासाठी, यंत्राच्या किमतीसाठी नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: यंत्र आकडा देतं, कारण देत नाही, म्हणून समज हवी असेल तर प्रतिकृतीच हव्यात. प्रतिकृतींची बाजू इतकी मांडूनही मला हा आक्षेप अर्धाच पटतो. जाळीवरच्या हिशेबात निसर्गात न बदलणाऱ्या गोष्टी बदलता येतात: क्वार्कचं वस्तुमान कमीजास्त करा, विद्युत बल बंद करा आणि काय होतं ते पाहा. २०१५ साली त्याच गटाने न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांच्यातला फरक असा सोलून काढला. अप-डाउनच्या वस्तुमानातल्या फरकामुळे न्यूट्रॉन सुमारे २.५ एमईव्हीने जड होतो, विद्युत बलामुळे प्रोटॉन सुमारे १ ने जड होतो, वजाबाकी १.५, मोजलेला फरक १.२९, अनिश्चिततेच्या आत. दोन उलट्या ओढींपैकी दुसरी जिंकली असती तर प्रोटॉनच न्यूट्रॉनमध्ये विरला असता, हायड्रोजन उरला नसता, पाणी नाही आणि आपणही नाही. हे नुसता आकडा देणं नव्हे. २०१८ साली प्रोटॉनच्या वस्तुमानाची वाटणीही जाळीवर झाली: ग्लुऑन क्षेत्राची ऊर्जा ३६ टक्के, क्वार्कांची गतीसकट ऊर्जा ३२, पुंजकीय विसंगतीचा भाग २३, क्वार्कांच्या वस्तुमानाशी जोडलेला ९. या ९ टक्क्यांत स्ट्रेंजसारख्या क्षणिक क्वार्कांचाही वाटा आहे, म्हणून तो सुरुवातीच्या १ टक्क्याशी ताडून पाहू नये.

दोन्ही रीती खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या ते प्रकरण दोन चार्म असलेल्या बेरिऑनचं. २००२ साली फर्मिलॅबच्या सेलेक्स प्रयोगाने असा क्साय ३५१९ एमईव्हीला सापडल्याचं जाहीर केलं. जाळीवरचे बहुतेक हिशेब ३६०० च्या आसपास जात होते. मारेक कार्लिनर आणि जोनाथन रोझनर यांनी २०१४ साली १९७५ च्याच जातीचा साधा स्पिनचा हिशेब करून ३६२७ छापलं, अनिश्चितता १२. प्रयोग एकीकडे, सिद्धांत दुसरीकडे. सिद्धांतवाले आकडे ओढूनताणून ३५१९ ला आणू शकले असते. प्रतिकृतीत तेवढी मोकळीक असते. बहुतेकांनी तसं केलं नाही. २०१७ च्या जुलैत जिनिव्हाच्या एलएचसीबी प्रयोगाने दोन भारांचा जोडीदार ३६२१ ला पकडला. अशा जोडीदारांमध्ये शंभर एमईव्हीचा फरक असू शकत नाही; सेलेक्सच्या दाव्याला इतर कुठल्याही प्रयोगाने दुजोरा दिलेला नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये एलएचसीबीने चार्मवाल्या ओमेगाच्या पाच उत्तेजित अवस्था एका दमात जाहीर केल्या. टीआयएफआरचे निलमणी माथूर आणि एम. पद्मनाथ यांनी सहकाऱ्यांसह काही वर्षं आधीच जाळीवर तिथे पाच अवस्था दाखवल्या होत्या, आणि २०१७ साली त्यांनी त्या पाचांना स्पिन नेमून दिले. मुंबईत झालेला हिशेब जिनिव्हाने खरा केला.

पांढुर्णा-सौंसरच्या महाविद्यालयांत यातलं काय करता येईल, हा माझ्या दृष्टीने दुय्यम प्रश्न नाही. याच राज्यातल्या, तेव्हाच्या होशंगाबादेत १९७२ साली सोळा शाळांत सुरू झालेला विज्ञान शिक्षणाचा उपक्रम आठवतो. खेड्यातल्या मुलांनी प्रयोग स्वतः करून निष्कर्ष स्वतः काढायचे हे त्याचं सूत्र, आणि देशातल्या नामांकित संस्थांतले भौतिकशास्त्रज्ञ त्यात शिक्षकांबरोबर बसत. तीस वर्षांनी, २००२ साली, राज्य सरकारने तो बंद केला. ज्या उदगावकरांनी गेल-मानबरोबर निबंध लिहिला तेच पुढे मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्ष झाले. कण-भौतिकी आणि गावातली शाळा एकाच माणसाच्या आस्थेत मावत होती. आज तर कणांची सगळी मोजलेली वस्तुमानं पार्टिकल डेटा ग्रुपच्या तक्त्यांत कुणालाही फुकट मिळतात. ओकुबोंचं सूत्र आणि द रुहुलांचा स्पिनचा हिशेब हे अभ्यासक्रमात परीक्षेचे टिपणवजा प्रश्न म्हणून नकोत. मुलांनी तक्ता उघडून, वहीत, मराठीत किंवा हिंदीत बोलत, आपल्या हाताने करायला हवेत. कुठला आकडा घातला आणि कुठला निघाला, हे दोन रकान्यांत लिहून. अतिगोलीय समीकरण पायथनमध्ये सोडवायला एक हिवाळी सत्र पुरेल.

आणि त्यांना अजून न लागलेला निकाल द्यावा. एक चार्म, एक बॉटम आणि एक हलका क्वार्क असलेला बेरिऑन हा मजकूर लिहीपर्यंत कुठल्याही प्रयोगात खात्रीने दिसलेला नाही. कार्लिनर आणि रोझनर यांचा साधा हिशेब ६९१४ सांगतो, अनिश्चितता १३. जाळीवरची गणितं, त्यांत टीआयएफआरचंही एक, ६९४५ च्या आसपास जातात. दोघांमध्ये तीस एमईव्हीचं अंतर आहे. सौंसरची एखादी विद्यार्थिनी आपल्या प्रतिकृतीने तिसरा आकडा काढू शकते. मात्र तो तिने कण सापडायच्या आधी, तारीख घालून, लिहून ठेवायला हवा.